सेक्रेटरींचं डावं कोपर

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या सुपरमार्केटात गुरुवारी सकाळी जाणाऱ्यांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. उंच, थोडे वाकलेले, राखाडी कोटातले एक म्हातारे गृहस्थ. उजव्या हातात टोपली, आणि डावं कोपर बरगडीला इतकं घट्ट दाबलेलं की काखेत थर्मामीटर लावलाय असं वाटावं. बरण्यांच्या रांगेजवळ आले की ते अंग आणखी चोरायचे. समोरून कुणी आलं तर कडेला सरकून उभे राहायचे. पोरं हसायची. माझ्या नातीनं एकदा विचारलं, "आजोबा, व्हाय इज ही वॉकिंग लाइक दॅट?" मी म्हटलं, असते एकेकाची सवय.

ती सवय त्यांना कुणी लावली हे मला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले, तोपर्यंत मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

आमच्या मंडळात त्यांना सगळे सेक्रेटरी म्हणत, मीही तेच म्हणतो. मंडळ म्हणजे या भागातल्या ऑर्गनवादकांचं. वीस-बावीस सभासद, बहुतेक साठीच्या पुढचे. हिवाळ्यात एका शाळेच्या खोलीत बैठका आणि उन्हाळ्यात महिन्याच्या एका शनिवारी सहल. सहलीत दुसरं काही नसे. मिनीबस करून एखाद्या गावचं चर्च गाठायचं, तिथला ऑर्गन प्रत्येकानं दहा मिनिटं वाजवायचा, चहा प्यायचा आणि परत यायचं. सूनबाई ऐकून म्हणाली, "म्हणजे बाबा, गावोगावची देवळं गाठायची आणि प्रत्येक ठिकाणी पेटी वाजवून यायचं?" मी म्हटलं, साधारण तसंच.

पत्नी गेल्यावर मुलानं मला पुण्याहून इकडे आणलं. मुलगा जवळच्या स्वोर्ड्स गावी ऑफिसात, सून इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नात शाळेत. मी दिवसभर घरात. पाटबंधारे खात्यात इंजिनिअरची नोकरी केली, पण माझा जीव संध्याकाळच्या हौशी नाटक मंडळीत. तीस वर्षं मी तिथे पायपेटीवर साथ केली. आम्ही तिला ऑर्गनच म्हणायचो. घरी लोकांच्या पेट्या दुरुस्तीला येत. भाता शिवणं, सूर घासणं, पट्टी अडकली तर वरची फळी काढून धूळ झटकणं, हे सगळं मी करायचो. म्हणून लायब्ररीत ऑर्गनवादकांच्या मंडळाची चिठ्ठी दिसली तेव्हा मी बिनधास्त गेलो. पहिल्याच सहलीत दुमजली घराएवढा ऑर्गन पाहिला आणि दारातच थबकलो.

सेक्रेटरी त्या वेळी सगळ्यांचे तळवे तपासत होते. बुटांचे. ऑर्गनला पायानं वाजवायच्या लाकडी पट्ट्या असतात, त्यांवर रस्त्याचा खडा गेलेला त्यांना खपत नसे. त्यांचे स्वतःचे वाजवायचे बूट वेगळे, पातळ कातडी तळव्याचे. ते पावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सोबत असत. माझ्याजवळ आले तेव्हा मी मोजे घालून उभा होतो. बूट मी दाराशीच काढले होते.

"कुणी सांगितलं काढायला?"

"कुणी नाही. वाद्यापाशी जायचंय ना."

ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "एकवीस वर्षं तुमच्याशी घसा फोडतोय. हा बघा, सात हजार किलोमीटरवरून आलाय आणि न सांगता बूट काढून उभा आहे."

मग मी बाकावर बसताना सवयीनं पट्ट्यांना हात लावून कपाळाला लावला. तेही त्यांनी पाहिलं. परतीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसले आणि त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा माझी. मुलगा चेष्टा करायचा, "बाबा, फोन आलाय. तुमचा युअर मॅन." इकडे 'तो अमका' म्हणायला लोक 'युअर मॅन' म्हणतात. मला मात्र ते माझेच वाटायचे.

त्यांच्या खिशात अंडी उकडायचं घड्याळ असे. दहा मिनिटं झाली की ते वाजायचं, मग वाजवणारा कुठेही असो. आमचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. ते चिडायचे. "अहो, शेवटची ओळ राहिलीय."

"तुमचे पेशंटही असंच म्हणत असतील, थोडं राहिलंय, आता थांबा. तुम्ही कधी थांबलात?"

आभाराचं पत्र ते सहलीला निघण्यापूर्वीच पाकिटात घालून, तिकीट लावून आणत. फक्त एक ओळ रिकामी असे. त्या ऑर्गनचा कुठला सूर आवडला, ती. ती परतताना बसमध्ये लिहायचे, आणि गावात शिरलो की पहिल्या टपालपेटीशी बस थांबवायला लावायचे. ड्रायव्हर कुरकुरला की म्हणायचे, "आपण लोकांच्या घरात शिरून त्यांचं वाद्य वाजवतो. आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं निघायच्या आधी आभार मानायचे असतात, नंतर विसर पडतो."

ते स्वतः कॅथलिक. रविवारी पहाटेची प्रार्थना आपल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून करायचे आणि मग सायकलनं सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात जाऊन प्रोटेस्टंट लोकांच्या छोट्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. तिथे प्रार्थनेला अकरा माणसं. तीस वर्षं त्यांनी तो ऑर्गन सांभाळला. किल्ली बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात. लग्न केलं नाही. लिमरिकला एक धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका, महिन्यातून एकदा मोटार घेऊन यायची आणि त्यांच्या घरातलं जुनं दूध ओतून टाकायची. ती म्हणायची, "याला बायको नको होती, याला त्या लाकडी कपाटाशी संसार करायचा होता."

दर वर्षीची शेवटची सहल या खेड्यातल्या चर्चला असे. त्या दिवशी नियम आणखी कडक. ऑर्गनच्या बाजूला एक बुटकं दार असतं, आतल्या नळ्यांपाशी जाण्यासाठी. त्याला कुलूप नव्हतं, साधी लाकडी खिट्टी. बसमधून उतरताना ते प्रत्येकाला सांगत, "ते दार माझ्याशिवाय कुणी उघडायचं नाही." इतकी वर्षं कुणी उघडलं नव्हतं.

मी ज्या सहलीबद्दल सांगतोय, तिला सहा वर्षं झाली. माझी पाळी शेवटची होती. तीन-चार मिनिटं वाजवलं असेल आणि वरचा एक बारीक सूर लागूनच राहिला. पट्टी सोडली तरी वाजतोय. पाइप ऑर्गनला असं होतं, आमच्या पेटीलाही होतं. सेक्रेटरींनी घड्याळ बंद केलं, खिट्टी काढून आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. सूर थांबला होता. पलीकडच्या हॉलमध्ये चहा तयार होता, सगळे उठले. मला ते म्हणाले, "तुमची सहा मिनिटं राहिलीत. वाजवा निवांत. तुमचा चहा मी इकडे आणतो."

पाहुण्याला त्या ऑर्गनपाशी त्यांनी एकटं सोडलं, असं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

मी बसलो, एक ओळ वाजवली आणि तोच सूर पुन्हा लागला. आता मी खरं लिहितो. मला वाईट वाटलं नाही, मला आनंद झाला. वाटलं, ते परत यायच्या आत हा सूर मी नीट करून ठेवीन. त्यांना दाखवीन की मला नुसतं वाजवता येत नाही. चाळीसएक पेट्या मी उघडून बसवल्या होत्या. पेटी उघडायला कुणाची परवानगी लागते हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

खिट्टी काढून मी आत गेलो. चालायला एक अरुंद फळी, दोन्ही बाजूंना नळ्या. मोठ्या माणसाएवढ्या, लहान बोटाएवढ्या. वाजणारी नळी सापडली. उपसली, फुंकली, परत बसवली, सूर थांबला. मी खूश होऊन वळलो. माझ्या स्वेटरची डावी बाही, कोपराशी, कशाला तरी अडकली. मी हात ओढला आणि लहान नळ्यांची अख्खी रांग माझ्याकडे कलली. ती सावरायला मी दोन्ही हातांनी धरली. या नळ्या शिशाच्या आणि कथलाच्या असतात, टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबसारख्या मऊ. माझ्या मुठीत त्या चेपल्या. मागे सरलो तर पायाखाली काहीतरी मोडलं.

जमतील तितक्या उभ्या केल्या. बाहेर आलो, खिट्टी लावली, भात्याची मोटर बंद केली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. सेक्रेटरी दोन कप घेऊन आले.

"इतक्यात संपलं?"

"नाही वाजवलं," मी म्हटलं. "मन झालं नाही. नुसता बसून राहिलो."

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. त्यांना वाटलं, मला बायकोची आठवण आली. शेजारी बसून त्यांनी चहा प्यायला. थोड्या वेळानं म्हणाले, "काही दिवस नुसतं बसायचेच असतात."

दुसऱ्या दिवशी रविवारी ते वाजवायला बसले तेव्हा अर्धा ऑर्गन मुका होता आणि उरलेला किंचाळत होता. कारागीर आला. तो म्हणाला, कुणीतरी आत पडलंय. तिथल्या धर्मगुरू, रेक्टरबाई, यांनी विचारलं, आत कोण गेलं होतं? सेक्रेटरी म्हणाले, "मी. फक्त मीच." अध्यक्षांनी हळूच माझं नाव काढलं, तो मागे एकटा होता ना? तर ते त्यांच्यावर उखडले. "त्यानं नंतर वाजवलंसुद्धा नाही. तो नुसता बसला होता. मी स्वतः पाहिलंय."

हे सगळं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मी काय बोललो? "अरेरे" म्हणालो.

का बोललो नाही, याची कारणं तेव्हा पुष्कळ होती. मंडळात मी एकटाच बाहेरचा, 'त्या इंडियनला कशाला एकटं सोडलं' असं होईल. मुलाला इथे राहायचंय. पण खरं कारण वेगळं. ज्याला वाद्याची कदर आहे असा माणूस म्हणून मला तिथे एक जागा मिळाली होती, आणि ती मला सोडवत नव्हती. मग ते 'मी' म्हणून बसले. मग आठवडा गेला. एका आठवड्यानंतर सांगणं हे त्या दिवशी सांगण्याच्या दहापट अवघड होतं.

दुरुस्ती त्या अकरा माणसांना झेपणारी नव्हती. त्यांनी एक कीबोर्ड आणला. रेक्टरबाई सभ्य होत्या, पण किल्ली परत द्या म्हणाल्या, आणि सेक्रेटरींनी गळ्यातली नाडी काढून दिली. पुढच्या बैठकीत त्यांनी राजीनामा दिला. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत त्यांच्या अक्षरातली शेवटची नोंद आहे: 'ऑर्गनचे नुकसान सेक्रेटरीच्या हातून झाले.' सूचक म्हणून अध्यक्षांचं नाव आहे. अनुमोदक म्हणून माझं. कुणीतरी हात वर करायला हवा होता, सगळे खाली बघत होते, म्हणून मी केला.

त्यानंतर मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. सूनबाईनं केलेलं थालीपीठ डब्यात घेऊन जायचो, त्यांना ते आवडायचं, वर ते मुरांबा लावायचे. सकाळी दुकान, मग त्यांचं स्वयंपाकघर. त्यांची बहीण मला म्हणाली, "तुमच्यासारखा मित्र मिळणं मोठं भाग्य." मी ते ऐकून घेतलं.

पहिल्या काही गुरुवारी ते टेबलावर दोन्ही हात पसरून बसायचे. "बघा. थरथर दिसते का?" दिसत नव्हती. मग कागद घेऊन आतली फळी काढायचे, नळ्यांच्या रांगा काढायचे, पावलं काढायचे. "डावा पाय इथे. मग उजवा. नळी काढली, फुंकली, ठेवली. वळलो. बाहेर. कुठे पडलो मी? पडलेलं माणसाला आठवत नाही असं होतं का?" शुद्ध गेली असेल का, असंही विचारायचे. हॉस्पिटलात जाऊन त्यांनी डोकं तपासून घेतलं. काही निघालं नाही. त्यामुळे ते जास्तच घाबरले. म्हणाले, डॉक्टरांनाही सापडत नाही असं काहीतरी आहे.

एका गुरुवारी त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्हीच शोधा."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कागद पाहिला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे वळताना... डावं कोपर लागलं असेल. बाही अडकली असेल. घाईत कळत नाही."

त्यांनी त्या जागेवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाले, "कोपर. हो. असंच झालं असणार." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी दुकानात त्यांचं डावं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. ते पुन्हा सुटलं नाही. सायकल सोडली. त्यांच्या कॅथलिक चर्चमधल्या लोकांनी लग्नात वाजवा म्हणून विनवलं. "मला वाद्याजवळ नेऊ नका," म्हणाले, "माझ्या हाताचा भरवसा नाही." इतकी वर्षं ज्यांना सगळ्यांचे बूट खटकायचे, ते आता स्वतःलाच दारात अडवत होते. शेवटपर्यंत त्यांनी एक पट्टीही दाबली नाही.

ते झोपेत गेले. अंत्यविधी दफनभूमीजवळच्या छोट्या हॉलमध्ये झाला, तिथे कीबोर्डचीही सोय नव्हती, कुणीतरी स्पीकरवर संगीत लावलं. बहीण माझ्याजवळ आली. "वार्षिक सभेत त्याच्याबद्दल चार शब्द तुम्हीच बोला," म्हणाली. "तुम्हीच त्याचं ऐकून घेत होता."

सभा मार्चमध्ये झाली. शाळेची तीच खोली, मुलांच्या बुटक्या खुर्च्या. बहीण लिमरिकहून आली होती, सगळ्यांत मागे बसली. नव्या सेक्रेटरी वही उघडून बसल्या, कारण वार्षिक सभेत जे बोललं जातं ते इतिवृत्तात जातं. अध्यक्ष म्हणाले, "या, तुमच्याशिवाय कोण बोलणार."

मी चार शब्द बोललो नाही. मी म्हटलं, "सहा वर्षांपूर्वीची नोंद खोटी आहे. ऑर्गन मी मोडला." आत कसा गेलो, काय मोडलं, बाहेर येऊन काय सांगितलं, सगळं सांगितलं. मग अध्यक्षांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांचे डोळे ओले होते.

"म्हणजे त्यानं तुम्हाला पाठीशी घातलं," ते म्हणाले. "शब्द न बोलता स्वतःवर घेतलं. हा त्याचा स्वभावच. बघा मंडळी, असा माणूस होता."

सगळीकडून हुंकार आले. कुणी म्हणालं, "खरंच हो, त्याला शोभेल असंच." कुणी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, शुअर, झालं गेलं. तुम्ही बोललात, बरं केलंत, ग्रँड." नव्या सेक्रेटरींनी लिहायला सुरुवात केली. मला उभ्यानं दिसलं, त्या लिहीत होत्या: 'दिवंगत सेक्रेटरींनी मित्रासाठी दोष स्वतःकडे घेतला.'

एक क्षण मला तेही राहू द्यावंसं वाटलं. ते वाचायला फार चांगलं होतं. त्यात ते मोठे होते आणि मी नुसता भित्रा. पुन्हा गप्प बसायला एवढीशी गोष्ट पुरे होती.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी मला पाठीशी घातलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. आपणच मोडला असं त्यांना मरेपर्यंत वाटत होतं. ते विचारत होते, कुठे चुकलं, आणि मी त्यांना चूक शोधून दिली. कोपर लागलं असेल, असं मी सांगितलं. म्हणून ते तसे चालायचे. म्हणून त्यांनी वाजवणं सोडलं."

खांद्यावरचा हात निघाला. नव्या सेक्रेटरी पेन धरून अध्यक्षांकडे बघू लागल्या. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"हे... म्हणजे, नुकसानीच्या नोंदीत दुरुस्ती करू. बाकीचं खासगी आहे. इतकं सगळं वहीत हवंच असं नाही."

कुणीतरी हो म्हणालं. मागची बुटकी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांची बहीण उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "जसं सांगतोय तसं. मी थांबते."